लाकडावरची अळंबी

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी नणंद-भावजय बसल्या होत्या. आत नणंदेचा भाऊ बेशुद्ध होता.

“वहिनी, ती अळंबी शिजवली तुम्हीच ना?”

“मीच. आणली त्यांनी. परसातल्या कुजक्या ओंडक्यावरची.”

“मग तुम्हाला कसं काही झालं नाही?”

“मी खाल्लीच नाही.”

“वा! नवऱ्याला वाढलीत आणि स्वतः नामानिराळ्या राहिलात.”

“मी म्हटलं होतं, एखादी उलटवून खालून तरी बघा, कुणा जाणत्याला दाखवा. तर म्हणाले, लाकडावरची अळंबी कधीच विषारी नसते, तू मला शिकवू नकोस.”

“आमचे बाबा तेच सांगायचे.”

“हो ना. तुमच्या बाबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. डॉक्टरांना तेवढी ती दिसली नाही.”

“टोमणे नंतर मारा. त्यांना नमुना हवाय, कुठली जात आहे ते ओळखायला. ओंडक्यावर असेल की एखादी.”

“एक ठेवली नाही. सगळी खुडून आणली.”

“मग शिजवलेली? थोडी तरी असेलच.”

“वन्सं, तुमच्या घरात बायका मागून जेवतात. कढईच्या कडेला रस्सा लागला होता, तोही त्यांनी बोटाने निपटून घेतला.”

“म्हणजे तुमच्यासाठी काहीच…”

“नेहमीचंच आहे ते. लग्न होऊन आल्यापासून आज पहिल्यांदा मला कुणीतरी विचारलं, कढईत काही उरलंय का म्हणून.”