झोंबणारी ट्यूब

हसायचं तर हसा, पण आधी मला भिंतीला टेकून पाय पसरू द्या. हा उजवा गुडघा आता धड वाकत नाही. आपल्या नंदुरबारच्या मिरची वाळवायच्या मैदानात, पथारीवर, उकिडवं बसून देठ खुडता खुडता त्याची पार वाट लागली. डॉक्टरांनी चोळायला ट्यूब दिली. संध्याकाळी कामावरून आले, चोळली, तर अशी आग झाली म्हणता! वाटलं, औषध जोरदार आहे. ही सकीना माझ्या शेजारीच बसून देठ खुडते. तिनंही माझ्याकडून मागून घेऊन लावली आणि ओरडली, "या अल्ला, घुटने में चूल्हा पेट गया! अब आराम पडेगा, देख."

परवा आभाळ आलं, मिरची झाकली, काम बंद पडलं. घरी बसून नवी ट्यूब चोळली, तर काहीच नाही. काल तशीच लंगडत डॉक्टरांकडे गेले.

"साहेब, ही टूब नकली शे. जराबी झोंबत नही."

त्यांनी माझी लाल बोटं पाहिली आणि हसू दाबलं. "आजी, झोंबत होती ती तुमच्या हाताची मिरची."

मग मात्र ते गंभीर झाले. "गुडघ्यातली गादी झिजलीय. उकिडवं बसणं सोडा, नाहीतर चालणंही सुटेल. काम खुर्चीवर बसून करा."

मी उठले तशी गुडघ्यात कळ आली. म्हटलं, "बससू ना, साहेब. तुम्ही फक्त त्या मिरचीले सांगा, टेबलवर वाळत जाय."

उद्या ऊन पडणार म्हणतात. सकीना, हात दे गं, उठव मला.