मालिंडाच्या अंगावरचं गवत

झेला : गालिचा अंथरलाय गं, गालिचा! हिरवागार, कडा कापून, वर पाणी शिंपडून. थडगं आहे ते बये, गोल्फचं मैदान नव्हे. कुठल्या अक्कलवंताचं काम हे?

रोवीना : हळू बोला, आत्याबाई. खाली टेबलांपाशी लोक जमलेत.

झेला : जमू देत. आपला आवाज काही चोरीचा नाही. या अख्ख्या टेकडीवर मला गवताचं एक थडगं दाखव. एक! माझा बाप, माझी आई, माझ्या पुतण्याचं, बर्लचं, ते डोळेही न उघडलेलं लेकरू, सगळ्यांची माती कशी उघडी आहे बघ. खरवडलेली, झाडलेली, मधे उंच करून थापलेली. दर वर्षी मे महिन्यातल्या या रविवारी गुडघे दुखवत खुरपं घेऊन बसतो, ते काय हौस म्हणून? खाली निजलेल्याचं वर कोणीतरी आहे, हे दिसावं म्हणून. गवत कुणावर वाढतं? ज्याच्यामागं कोणी उरलं नाही त्याच्यावर. आणि हा शहाणा बघ! सख्ख्या आजीला, मालिंडाला, बेवारस करून ठेवली. तेही विकतचं गवत आणून!

रोवीना : त्याला माहीत नसेल.

झेला : लॅनी गव्हर्नर आहे ना? सगळ्या राज्याचं माहीत असतं त्याला, आजीच्या थडग्याचं तेवढं नसतं होय?

रोवीना : त्यानं स्वतः नाही केलं. त्याची माणसं आली होती काल, गवताच्या गुंडाळ्या घेऊन. उघडी माती टीव्हीवर बरी दिसत नाही म्हणाले.

झेला : कुणाला म्हणाले?

रोवीना : असंच, बोलत होते आपसात.

झेला : रोवीना, कुणाला म्हणाले? फाटकाला कुलूप होतं. किल्ली आपल्या चुलीमागच्या खिळ्याला असते. मी काल दिवसभर कोंबड्या सोलत बसले होते. फाटक कोणी उघडलं?

रोवीना : मी.

झेला : तू.

रोवीना : मला वाटलं, साफसफाई करतील. मग गाडीतून त्या गुंडाळ्या काढल्या तेव्हा कळलं. कळलं आणि गप्प बसले. बोला आता काय बोलायचं ते.

झेला : तू या टेकडीवर वाढलीस. तुझी आई त्या तिथं, देवदाराखाली आहे. तुला सांगावं लागतं गवत म्हणजे काय ते?

रोवीना : नाही लागत. पण परवा ओढ्याला पाणी चढलं आणि तुमच्या लेकाची डायलिसिसची पाळी चुकली, तेव्हा त्याचे पाय सुजून कसे झाले होते ते मी बघितलं. तुम्ही देवाचं पुस्तक घेऊन बसला होतात, मी त्याचे पाय उशीवर घेऊन बसले होते. श्वास लागला की तो माझा हात धरतो, आत्याबाई. पूर आला, पूल वाहून गेला, त्यावर सरकारनं काय दिलं? चार पाइप आणि वर खडी. वळवाचा एक पाऊस पडला की पाइप बुडतात. त्या पुलासाठी मी मालिंडाआजीवरच काय, स्वतःवर गवत लावून घेईन.

झेला : हं.

रोवीना : गेल्या आठवड्यात लॅनीचा तो चकाचक बुटांचा माणूस आला होता, आठवतं ना काय म्हणाला? तुम्ही थडग्यापाशी लॅनीशेजारी उभं राहायचं आणि कॅमेऱ्यात बघून म्हणायचं, 'लॅनी आमचा आहे.' एवढंच. मग पुलाचं बघतो म्हणाला.

झेला : बघतो म्हणाला. बांधतो नाही म्हणाला.

रोवीना : निवडणुकीत तो मागं पडलाय. रेडिओवर रोज सांगतात. खालच्या सपाटीवरच्या लोकांनी सोडलं त्याला. शाळांवरून शिक्षक चिडलेत, शहरवाले दवाखान्यांवरून. डोंगराची मतं मिळाली तरच तरतो. आणि तो विरोधातला, मोटारी विकणारा, गावोगाव सांगत सुटलाय की लॅनी टॅकेट डोंगरातला नाहीच, चड्डीत होता तेव्हाच बापाबरोबर राजधानीला गेला तो गेलाच.

झेला : जन्मात एवढं एकच खरं बोलला असेल मेला. त्याच्याकडून बर्लनं गाडी घेतली होती, फाटकापर्यंत येईतो दार हातात आलं.

रोवीना : म्हणून लॅनीला आपली गरज आहे. म्हणून आज मागायचं. मान नंतर बघू.

झेला : आणि जेवणाचं काय ते विचारत होता ना तो बुटांचा?

रोवीना : पहिली पंगत पाहुण्यांची, आणि घरची माणसं माती झाडून झाल्यावर शेवटी, हे त्याला कुणीतरी सांगितलंय. लॅनीला शेवटी जेवायचंय, आपल्यात बसून. तेच चित्र हवंय त्यांना. वाळल्या सफरचंदांचा आपला थराथरांचा केक हातात घेतलेला.

झेला : हात तरी मातीचे करील का गं हा केक धरण्याआधी?

रोवीना : आत्याबाई, तुमच्या पाया पडते. आजच्या दिवस तोंड आवरा.

झेला : आवरते. एव्हरेट माझ्या पोटचा आहे, विसरू नकोस. तुझ्यापेक्षा मला पूल कमी हवाय असं नाही. मालिंडानंच सुईण होऊन त्याला बाहेर काढलं. बर्फ गुडघ्याच्या वर, डॉक्टर येईना, म्हातारी कंदील घेऊन चढून आली होती. टॅकेटांच्यातलं कोणी वळून बघितलं नाही तिच्याकडं ती गेल्यावर. इतकी वर्षं तिची माती मीच खरवडते. तर ठीक आहे. आज लेकासाठी बोलेन गोड. हा कसला आवाज?

(हेलिकॉप्टर टेकडीमागच्या कुरणात उतरते. टेबलांवरच्या चादरी आणि थडग्यांवरची कागदी फुलं उडून ओढ्यात जातात. थोड्या वेळानं गव्हर्नर चढण चढून येतो; कॅमेरेवाले सामान उतरवत मागं राहतात.)

लॅनी : झेलाकाकू! किती वर्षांनी!

झेला : पुराच्या वेळी आला होतास की. रबरी बूट घालून. माझ्या गळ्यात पडून रडलास. फोटो फार छान आला होता.

लॅनी : तो माझ्या कचेरीत भिंतीवर लावलाय, काकू. रोज सकाळी बघतो.

झेला : आणि आमचा पूल कुठल्या भिंतीवर लावलायस?

रोवीना : आत्याबाई.

झेला : गोडच बोलतेय. ये, बस. हेलिकॉप्टरनं आलास ते?

लॅनी : मोटारी पलीकडे अडकल्या असत्या. ओढ्यात पाणी आहे म्हणे.

झेला : आहे म्हणे. आमच्या कानावरही आलंय तसं.

लॅनी : तुमचा राग मला समजतो. खरंच समजतो. पण पुलाची प्रक्रिया सुरू आहे. नकाशे झाले, जमिनीची तपासणी झाली. आता ओढ्यातल्या माशांची पाहणी तेवढी व्हायची आहे.

झेला : माशांना पूल नको रे बाबा. ते पोहून जातात.

लॅनी : हा हा! हेच, काकू, हेच! तुमचं हे बोलणं राजधानीत कुणाकडे नाही.

रोवीना : साहेब, माझा नवरा आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातो. पाणी चढलं की बर्ल त्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून पलीकडे नेतो. परवा ट्रॉलीही जाईना. मला माशांचं नका सांगू. तारीख सांगा. आत्ता कॅमेरे येतील तेव्हा त्यांच्यासमोर बोला, अमुक महिन्यात पूल. आत्याबाई लगेच तुमच्यासाठी बोलतील. मी बोलेन. अख्खी दरी बोलेल.

लॅनी : वहिनी, तारीख कॅमेऱ्यासमोर नाही बोलता येत. विरोधक लगेच म्हणतील, मतांसाठी पूल वाटतोय. नोव्हेंबर होऊन जाऊ दे. निवडून आलो की पहिली सही तुमच्या पुलावर. शब्द देतो.

रोवीना : आणि नाही आलात तर?

लॅनी : म्हणून तर काकूंचं आजचं बोलणं महत्त्वाचं आहे ना.

रोवीना : म्हणजे पूल नोव्हेंबरनंतर.

लॅनी : साधारण.

रोवीना : आणि मधे पावसाळी दिवस आले तर एव्हरेटनं काय करायचं? मत द्यायला जिवंत राहायचं?

लॅनी : वहिनी, असं नका हो बोलू.

रोवीना : आत्याबाई, मी फाटक उगाच उघडलं.

झेला : गप. तू माझ्या लेकासाठी उघडलंस, मालिंडा रागावणार नाही. लॅनी, इकडे ये. ही कोण आहे?

लॅनी : माझी आजी. बघा, किती सुंदर केली आहे जागा. आमच्या लोकांनी काल दिवस घातला.

झेला : आजूबाजूला बघ. माझा बाप. माझी आई. त्या तिकडे बर्लचं लेकरू. काय वेगळं दिसतं?

लॅनी : ती... साधी आहेत. मातीची.

झेला : आणखी बघ. तू पाच-सहा वर्षांचा असशील. याच रविवारी मालिंडा तुला इथं घेऊन बसायची. आठवतं हातात काय द्यायची तुझ्या?

लॅनी : नाही. थांबा... चमचा. स्वैपाकघरातला मोठा चमचा. मी खरवडायचो. कुणाचं तरी... आजोबांचं. एक काडी राहिली तर ती बोट दाखवायची आणि म्हणायची, हे बघ, कुणीतरी विसरलं तुझ्या आजोबांना.

झेला : हं.

लॅनी : अरे देवा.

झेला : आठवलं ना? आता काही बिघडलेलं नाही. हे माझं खुरपं घे. कोट रोवीनाकडे दे. गवत वरच्यावर आहे, मुळं धरली नाहीत अजून, हातानं निघेल. माती मी थापून देते. कॅमेऱ्यांना येऊ दे, ते दिसू दे. तू काढ, मी तुझ्या शेजारी बसते. पूल असो नसो, मी माझ्या तोंडानं सांगेन सगळ्या राज्याला, हा आमचा आहे.

रोवीना : द्या साहेब, कोट द्या.

लॅनी : काकू... ते कुंपणापाशी पोचलेत. आत्ता उकरलं तर नुसता चिखल दिसेल. आणि मी गुडघ्यावर, खुरपं हातात... विरोधक त्याचंच चित्र करून नोव्हेंबरपर्यंत चालवतील. माझी माणसं म्हणतात हिरवंच ठेवा. असं करू, चित्रीकरण होऊ दे. संध्याकाळी मी माणूस पाठवतो, सगळं पहिल्यासारखं करून देईल.

झेला : माणूस पाठवतोस.

लॅनी : दोन पाठवतो.

झेला : रोवीना, हे खुरपं ठेवून दे.

लॅनी : रागावलात?

झेला : छे. आता कशाला रागवायचं?

लॅनी : मग ते एक वाक्य, काकू. आलेच ते. इथं उभ्या राहा, माझ्या डाव्या हाताला, म्हणजे मागं आजीची पाटी दिसेल. हां. लाल दिवा लागला की बोला. लागला. मित्रहो, या झेलाकाकू! या दरीच्या आईच म्हणा ना. काकू, आज इथं येऊन मला घरी आल्यासारखं वाटतंय.

झेला : बरं वाटलं ऐकून. लोकहो, हा लॅनी टॅकेट, मालिंडाचा नातू. मालिंडाच्या हातावर माझा लेक जन्मला, बर्फाच्या दिवसात. तेव्हाही पूल नव्हता, पण ती चालत आली होती. तिच्या अंगावर हे जे गवत दिसतंय ना तुम्हाला, ते तिच्या नातवानं लावलंय. डोंगरातल्या घराघरांत जे कोणी हे बघत असतील, त्यांनी नीट बघून घ्यावं. मला आणखी काही सांगायला नको.

लॅनी : काकूंचं प्रेम आहे हे! आता आम्ही सगळे मिळून माती झाडणार, आणि मग घरच्यांबरोबर शेवटच्या पंगतीला...

झेला : नाही रे लॅनी. ताटकळू नकोस तू. रोवीना, साहेबांचं ताट वाढ. कोंबडी वाढ, रश्शात शिजवलेले पिठाचे गोळे वाढ, केकचा मोठा तुकडा दे. त्याला सावलीत बसव.

लॅनी : काकू, मी थांबतो ना, तुमच्या सगळ्यांबरोबर.

झेला : बस, लॅनी. पोटभर जेव. आमच्यात पाहुणे आधी जेवतात.