सज्जन ग्राहकाचे पाच तारे

...आणि वर तोंड करून विचारतात, "तुम्हाला आधीचा अनुभव किती?" अहो, अनुभव असता तर तुमच्या दारात कशाला आले असते? अनुभव नाही म्हणून काम देत नाही, आणि काम केल्याशिवाय अनुभव कुठून येणार, तो काय भाजीबरोबर कोथिंबिरीसारखा मिळतो का? तुम्हाला सांगते, मी चिडलेली नाही हं. मी फक्त मोठ्याने बोलतेय.

झालं काय, चित्रकलेची पदवी हातात आली आणि मी घरात जाहीर केलं, मी नोकरी करणार नाही, फ्रीलान्स करणार. आई म्हणाली, "म्हणजे घरीच बसणार." बाबा म्हणाले, "म्हणजे फुकट?" आणि मोठे काका म्हणाले, "म्हणजे हिला नोकरी मिळत नाहीये! माझ्या गोदामात ये गं. माल आला, माल गेला, एवढं बघायचं. एसी आहे!" काकांचं हे असंच. जगातल्या कुठल्याही प्रश्नाला त्यांच्याकडे एकच उत्तर, एसी आहे. मी म्हटलं, "काका, मला चित्रं काढायचीत." "काढ की! एसीत बसून काढ!" आता या माणसाशी काय बोलणार? शेवटी आईने तोडगा काढला. महिना संपायच्या आत एक तरी काम मिळव, खरंखुरं, पैसे देणाऱ्या माणसाचं. नाही तर एक तारखेपासून गोदाम.

मी म्हटलं, एकच ना? आत्ता मिळवते!

मग बसले लॅपटॉप उघडून. पहिल्या साइटने ओळख पटवायला फोटो मागितला, ओळखपत्र गालाला लावून, हसायचं नाही, डोळे मिटायचे नाहीत... गुन्हेगार वाटले मी मलाच! दुसरीने परीक्षा घेतली. चित्रं काढणाऱ्या बाईची परीक्षा कसली, तर टायपिंगची! तिसरीवर कामं ढिगाने होती, पण प्रत्येक कामासाठी अर्ज करायला पॉइंट लागतात आणि पॉइंट विकत घ्यायचे. म्हणजे काम मागायचेही पैसे! आणि चौथीवर सगळं फुकट, सगळं सोपं, फक्त तिथे माझ्याआधी हजारो लोक बसलेले, प्रत्येकाच्या नावापुढे ताऱ्यांची रांग, आणि माझ्या नावापुढे काय? 'नवीन सदस्य'. एवढंच. लग्नाच्या पंगतीत चुकून शिरलेल्या माणसासारखी मी उभी! मी चिडलेली नाही हं. मी फक्त मोठ्याने बोलतेय.

आणि हे सगळं चालू असताना मागे बाबा.

बाबांचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. स्कूल म्हणजे काय, तर एक जुनी गाडी, टपावर पाटी आणि आत बाबा. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून बोलत असतात, आणि तीच सवय घरात. आई पातेल्यातून भांड्यात दूध ओतत असली की हे शेजारी उभे, "सावकाश... सावकाश... थोडं डावीकडे... अजून थोडं... बास बास बास!" आई म्हणते, "अहो, दूध आहे हे, ट्रक नाही!"

तर हे माझ्या खुर्चीमागे येऊन उभे. "हे तारे कसले गं?"

"बाबा, काम दिलेला माणूस खूश झाला की तारे देतो."

"मग तुला का नाहीत?"

"कारण मला कोणी काम दिलेलं नाही!"

"का नाही दिलं?"

"कारण मला तारे नाहीत!"

"अच्छा..." असं म्हणून पाच मिनिटं गेले आणि परत आले. "म्हणजे पहिलं गिऱ्हाईक महत्त्वाचं."

"हो, बाबा! आणि ते काय आकाशातून पडणार आहे का? जा ना आता, प्लीज!"

गेले बिचारे.

आणि तुम्हाला सांगते, त्याच आठवड्यात ते पडलं! आकाशातून! मेसेज आला. नावाच्या जागी 'सज्जन ग्राहक', फोटोच्या जागी डोंगराआडून उगवणारा सूर्य. म्हणे, आमचा छत्र्यांचा कारखाना आहे, लोगो पाहिजे. तोही आपल्या भाषेत लिहिलेला! मला वाटलं, वा, एवढा मोठा कारखानदार आणि भाषेचा केवढा अभिमान! तुम्ही हसताय. हसा. तुम्हाला आत्ताच कळलं ना? मला नाही कळलं. मी पदवीधर आहे.

मी लोगो पाठवला. सज्जन ग्राहक म्हणाले, "उत्तम. पण छत्री थोडी डावीकडे घ्या." घेतली. "अजून थोडी." घेतली. "बास बास बास." तरी मला कळलं नाही! मी चार लोकांना दाखवलं, बघा, किती अचूक नजर आहे! मग म्हणाले, "घाई नको. सावकाश करा. मधे पाणी प्या." एकदा तर दुपारी मेसेज, "जेवण झालं का?" मी म्हटलं, असतात काही जुन्या वळणाचे उद्योगपती. आणि काय अदबीने बोलायची मी त्यांच्याशी! "हो सर. जरूर सर. तुमची सूचना फारच छान आहे सर." सूचना काय, तर दांडा जरा जाड करा!

वर जेवताना मी बाबांनाच सुनावलं. म्हटलं, "बघा, शिका जरा! याला म्हणतात प्रोफेशनल माणूस. मागे उभा राहत नाही, प्रश्न विचारत नाही, विश्वास टाकतो." बाबा खाली मान घालून जेवत होते. एवढंच म्हणाले, "चांगला आहे म्हणजे माणूस." आईला एकदम ठसका लागला. मी तिलाही म्हटलं, "सावकाश खा गं."

लोगो झाला. सज्जन ग्राहकांनी पाच तारे दिले आणि खाली अभिप्राय लिहिला. तो मी तुम्हाला वाचून दाखवत नाही, मला पाठच आहे. "मुलगी कामाला चोख आहे. लहान असताना हिने बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर भलीमोठी गाय काढली होती, तेव्हा मी रागावलो आणि भिंत रंगवून टाकली. रंगवायला नको होती. गाय चांगली होती. सर्वांनी हिला काम द्यावे."

...

मी ते वाचलं. परत वाचलं. जगातल्या कुठल्या छत्रीच्या कारखानदाराला आमच्या भिंतीवरची गाय माहीत असेल, सांगा मला!

आणि एवढ्यावर थांबलं असतं तर मी गप्प बसले असते. पण त्या पाच ताऱ्यांमुळे खरोखरच एकीने मला विचारलं होतं हो! लहान मुलांची पुस्तकं काढणारी बाई, दूर देशातली, म्हणाली, नमुना पाठवा. मी रात्रंदिवस बसून ससा काढला. मन लावून. पाठवायला गेले तर खातं बंद! का? तर साइटवाल्यांनी पकडलं, काम देणारा आणि काम करणारा एकाच घरातल्या एकाच इंटरनेटवर बसलेत. फसवणूक! दोन्ही खाती कायमची बंद, बाबांनी भरलेले पैसे बाबांना परत, माझे तारे गेले, ती बाई गेली, ससा माझ्याकडेच राहिला. आणि महिना संपत आलेला. मी चिडलेली नाही, मी फक्त... नाही, तेव्हा मी चिडलेच होते.

तशीच चपला घालून खाली गेले. बाबा गाडीत बसले होते, पुढच्या शिकाऊ बाईंची वाट बघत. मी दार उघडून स्टिअरिंगसमोर बसले आणि सुरू झाले. "बाबा, कोणी सांगितलं होतं? खातं उघडून दिलं कोणी? कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याने? आणि आईलाही माहीत! सगळ्या गल्लीला माहीत! मी एकटीच 'हो सर, जरूर सर' करत बसले!"

बाबा काचेतून पुढे बघत होते. म्हणाले, "अगं, दुकानात एक गिऱ्हाईक उभं असलं ना, की रस्त्यावरचं दुसरंही थांबतं. मला वाटलं, एक उभं करून बघू."

"म्हणून घरातलंच उभं करायचं?"

"पहिल्यांदा घरातलंच उभं राहणार ना गं. बाहेरच्याला काय माहीत तू कशी काढतेस."

आता बोला! मी एवढं भांडायचं ठरवून आले होते, मुद्दे होते माझ्याकडे, आणि या माणसाने दोन वाक्यांत माझी हवा काढून घेतली. मी स्टिअरिंग धरून बसले. मग विचारलं, "ती गाय... खरंच चांगली होती?"

"शिंगं जरा उजवीकडे गेली होती," बाबा म्हणाले. "पण चांगली होती."

तेवढ्यात मोठ्या काकांचा फोन. बाबांनी स्पीकरवर घेतला. "काय रे, एक तारखेला पाठवतोस ना पोरीला? टेबल लावून ठेवलंय, एसीच्या बरोबर खाली!" मी डोळे मिटले. म्हटलं, संपलं, माल आला, माल गेला. आणि आयुष्यभर मोठ्या भावासमोर 'हो दादा' सोडून दुसरा शब्द न काढलेले माझे बाबा म्हणाले, "दादा, तिला जमणार नाही. तिला सवड नाही."

"सवड नाही? कशातून?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "कामातून," म्हणाले, आणि फोन ठेवला. धडधडीत खोटं, तेही थोरल्या भावाशी!

मी चिडलेली नव्हते. बोलतही नव्हते. कधी नव्हे ते.

तर मी घरी येऊन पाचव्या साइटवर नाव घालत बसले. गालाला ओळखपत्र लावलं, हसले नाही, डोळे मिटले नाहीत. आणि फोन वाजला. "मी दातांची डॉक्टर. तुमच्या बाबांकडे गाडी शिकते. माझ्याकडे लहान मुलं तोंडच उघडत नाहीत, त्यांना दाखवायला चित्रांचं छोटं पुस्तक हवंय. द्याल काढून? योग्य ते पैसे देईन, पण माझी एक अट आहे."

मी म्हटलं, "हो मॅडम, जरूर मॅडम, बोला."

"बाबांना सांगा, शिकवताना तुमच्याबद्दल बोलू नका. मी क्लच सोडत असते आणि हे तुमची चित्रकलेची बक्षिसं सांगत असतात. मला अजून रिव्हर्स येत नाही हो!"

मी बाबांना बजावलं. रागाने नाही, हात जोडून. "बाबा, खरं काम आहे. खरं गिऱ्हाईक आहे. माझ्याबद्दल एक शब्दही बोलायचा नाही." बाबा म्हणाले, "नाही बोलणार."

आणि नाही बोलले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी गाडी रिव्हर्स घेतली, बाबा तोंड घट्ट मिटून बसले होते, आणि तोंड मिटायच्या नादात 'सावकाश' नाही, 'डावीकडे' नाही, 'बास बास बास' सुद्धा नाही. गाडी सरळ जाऊन भिंतीवर!

कोणाला काही लागलं नाही. डॉक्टरबाईंचा लगेच फोन आला, "अहो, बोलू दे त्यांना काय बोलायचं ते!"

पुस्तक पूर्ण झालं, बाईंना आवडलं, पैसेही वेळेवर आले. लोक पहिल्या कमाईतून आईला साडी घेतात, वडिलांना घड्याळ घेतात. मी वडिलांना मागचा बंपर घेतला.