दोन इंच सैल

हॅलो?

हॅलो… हो, बोलतेय. थांबा जरा, मशीन बंद करते, नाहीतर काही ऐकू यायचं नाही… हं, बोला. पँट आखूड करायची ना? शुक्रवारी या. आज काही झालेली नाही.

नाही?… मग कुठून?

गाडीच्या कंपनीतून… हो, हो. विजेवरची. ती परवडणाऱ्यातली. हो, नाव लावलंय आम्ही. चार महिने होत आले.

नाव त्यांचं आहे, नंबर माझा दिलाय… नाही, त्यांना फोन देता येणार नाही.

संध्याकाळी पण नाही. अगं ऐक… गेले ते. परवा महिना झाला.

…

हॅलो? आहेस ना?… असू दे गं. तुला कसं कळणार? तुझ्यासमोर नुसता कागद. आता सॉरी म्हणू नकोस पुन्हा, नाहीतर मीच रडायला लागेन, आणि समोर गिऱ्हाइकाचं पांढरं कापड पसरलंय. बोल, फोन कशाला केला होतास?

आमचा नंबर आला?

आज?

…

नाही, काही नाही. पाणी प्यायले. हं, सांग. काय ठरवायचं?

गाडी उंच की छोटी, आणि दारं कशी. बरं. आणि ते आजच सांगायचं… नाही सांगितलं तर?

म्हणजे नाव एकदम शेवटी. पुन्हा चार महिने. वा! आणि गाडी नकोच म्हटलं तर?

तसंही लिहिता येतं म्हणतेस. बरं. म्हणजे तिन्ही वाटा तुझ्यापाशी आहेत. मला जरा वेळ दे… नाही, फोन ठेवू नकोस. ठेवलास तर मी नकोच म्हणून मोकळी होईन. तू वाच. आमच्या कागदावर आत्ता काय लिहिलंय?

हो. उंच गाडी. मागचं दार सरकणारं. ते मी लिहायला लावलं. माझाच हट्ट.

हसू नकोस… बरं, नाही हसलीस. मला वाटलं. आम्ही या दारावरून इतके भांडलोय, की कुणी दार म्हटलं तरी मला हसल्यासारखं ऐकू येतं.

त्यांना? त्यांना छोटी हवी होती. साधी, चार उघडती दारं. ती तयार होती ना तेव्हा, पंधरा दिवसांत मिळणार होती. हे म्हणायचे, "मी ड्रायव्हरच्या शेजारी पुढेच बसणार. मागे बसायला मी काय सामान आहे?"

नाही गं, चालवणार मी. ते कसे चालवतील? उजवं अंग गेलं होतं त्यांचं. झटका आला होता दीड वर्षापूर्वी. त्याआधी एकतीस वर्षं बस चालवली. एकच रस्ता, गावातून नदीपर्यंत. पुलाच्या अलीकडे शेवटचा थांबा.

मी? या वयात शिकले. अठ्ठावन्नाव्या वर्षी. घरी त्यांच्याकडून आणि बाहेर क्लासला. घरी ताटली धरायची हातात, स्टिअरिंग म्हणून, आणि हे खुर्चीतून ओरडणार, "आरसा! आरसा कोण बघणार, तुझा बाप?" … हो, हस. आत्ता हस. ते असते तर तुलाही शिकवलं असतं फोनवर.

दार ना? सांगते. तुला घाई आहे का? तुमचे कॉल मोजतात म्हणे… बरं.

आम्ही गेलो होतो तुमच्याकडे, गाडी बघायला. छोटीत बसून बघतो म्हणाले. चाकाची खुर्ची दाराला लावली. मी धरायला गेले तर, "हात लावू नकोस." डाव्या हाताने वरची कडी धरली, बूड सरकवलं, डोकं आपटलं, पुन्हा सरकवलं. घामाने शर्ट पाठीला चिकटला. सात मिनिटं लागली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते, त्यांच्याकडे बघवेना. आणि बसले. बसून माझ्याकडे बघून म्हणतात, "बसलो की नाही?"

बसले होते गं. तेच तर सांगतेय. बसले होते.

आणि मी काय केलं, टेप काढली. गळ्यातच असते माझ्या. शिवणकाम करते ना मी, चाळीस वर्षं झाली. दाराचं माप घेतलं. उंची, रुंदी. घरी येऊन यांचं घेतलं, खुर्चीत बसल्यावर खांदे किती, डोकं कुठे, गुडघे कुठे. कपाटाच्या दारावर शिलाईच्या खडूने गाडीचं दार काढलं, खरं तेवढं. टेपचं खालचं टोक हे डाव्या पायाखाली दाबून धरायचे, मी वर न्यायची. दोघांनी मिळून मापलं सगळं. माप बरोबर बसलं होतं. अगदी नेमकं.

पण शिंपिणीचा हात गं माझा. माप आलं की त्यात दोन इंच सैल धरायचं, ही सवय. माणूस हात वर करतो, खाली बसतो, अंगाला घट्ट व्हायला नको. मी दोन इंच सैल धरले आणि म्हटलं, ही गाडी पुरत नाही.

हो. दोन इंचांसाठी.

हे म्हणाले, "अगं, मला गाडी घालायची नाहीये, गाडीत बसायचंय."

…

नाही, बरी आहे मी. तू लिहितेस का काही? नको लिहू हे.

मग ठरलं, उंच गाडी, सरकतं दार, मागची सीट, थांबा चार महिने. मी ठरवलं. त्यांनी कुठे ठरवलं? त्यांना फक्त त्या शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं होतं. टॅक्सीने नेते म्हटलं तर नाही. दोन परक्या माणसांनी उचलून ठेवायचं, तेही त्याच रस्त्यावर, जिथे सगळे ओळखतात? नाही म्हणाले. "तू चालव, मी शेजारी बसतो. तिथे उतरायचंसुद्धा नाही मला. काच खाली केलीस की झालं."

काच, पोरी. दार उघडायचंच नव्हतं त्यांना तिथे.

आणि मी दारासाठी थांबवून ठेवलं. तिसऱ्या महिन्यात दुसरा झटका आला. संपलं.

नाही, नाही… "तुमची काय चूक" हे सगळे म्हणतात. जाऊबाई म्हणतात, शेजारीण म्हणते, डॉक्टरपण म्हणाले. तू तरी म्हणू नकोस. माझीच चूक आहे. पंधरा दिवसांत गाडी आली असती, अडीच महिने फिरलो असतो आम्ही. निदान चूक तरी माझी म्हणू दे मला.

हं… हो. ऐकतेय.

काय? खाली अजून काय लिहिलंय?

शेरा? कसला शेरा? आम्ही तर एकदाच आलो होतो.

फोनवरून?… कुणी केला फोन?

हे? यांनी?

कधी… तारीख सांग. पुन्हा सांग.

अगं, आदल्या दिवशी भांडलो होतो आम्ही. याच दारावरून. दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी, भिंतीकडे तोंड करून पडून होते. मी क्लासला गेले असेन तेव्हा… फोन विसरले होते त्या दिवशी घरी. हो, बरोबर. परत आले तर फोन त्यांच्या उशीपाशी. मी म्हटलं, घड्याळ बघायला घेतला असेल.

तू घेतला होतास तो फोन? तूच?

तीन-तीनदा सांगावं लागलं ना त्यांना? हो, जीभ जड झाली होती. मला कळायचं, बाकी कुणाला नाही… तू ठेवला नाहीस फोन. बरं केलंस गं. देव तुझं भलं करो.

काय म्हणाले? वाच. जसं आहे तसं वाच.

…

पुन्हा वाच.

"ड्रायव्हरची सीट वर-खाली होणारी द्या. चालवणारी बुटकी आहे. उशी घेऊन जाते क्लासला. स्वतः सांगणार नाही. जगाची मापं घेते, आपलं देत नाही."

…

…

हॅलो. हो, आहे. आहे मी इथेच.

उशी मी पिशवीत घालून न्यायची गं. वरून कापडं टाकून. त्यांना दिसू नये म्हणून. म्हणतील, एवढीशी बाई, गाडी काय चालवणार.

आणि दाराबद्दल? दाराबद्दल काय म्हणाले?

काहीच नाही? नीट बघ ना. मागच्या बाजूला असेल… एवढंच लिहिलंय होय.

बरं. नाही म्हणाले काही. बरं.

नाही गं, राग कसला. दोन दिवस भिंतीकडे तोंड करून झोपले होते, आणि पोटात ही माझी काळजी. मला वाटलं, दारावरून अबोला धरलाय. धरला असेलही. माणूस दोन्ही करू शकतो, नाही का? हे तर करायचेच.

हं… हो, सांगते ना. लिही. सरकतं दार खोड. उंच गाडी पण खोड. छोटी लिही, साधी. चार उघडती दारं. तीच ना ती, लगेच मिळणारी? अजून मिळते ना?… पंधरा दिवस. तेव्हाही पंधराच होते.

कुठे जाणार? शेवटच्या थांब्यापर्यंत. पहिल्या दिवशी तिथेच. काच खाली करीन आणि परत येईन. पुढचं पुढे.

नाही, मागे कुणी नाही बसणार. पुढेही नाही. किती माणसं, असं विचारतोय ना तुझा कागद? एक. एक लिही.

आता काय? माझी उंची? कशाला?… हां, सीटसाठी. किती वर घ्यायची ते. थांब, मलाच ठाऊक नाही. खरंच नाही. चाळीस वर्षं टेप गळ्यात आहे, पण माझं कोण घेणार? साधारण लिही ना… नेमकं हवंय. बरं. फोन टेबलावर ठेवते, स्पीकर लावून, ऐकू येईल तुला.

…येतंय ऐकू? कपाटाला पाठ लावून उभी राहिलेय. त्या खडूच्या दारातच. अजून पुसलं नाही मी ते. डोक्यावर पट्टी धरली… खूण केली. आता टेप. अगं, खालचं टोक कोण धरणार? वर नेलं की खालून सुटतंय. कुणी धरलं नाही तर…

थांब. थांब हं.

खुर्ची आहे ना त्यांची. कुणाला तरी द्यायची आहे, अजून इथेच आहे, कपड्यांच्या घड्या ठेवते तिच्यावर. आणते… चाकाखाली दाबते टोक.

…

हं. धरलं. नाही हलत आता.

अठ्ठावन्न इंच.

हो, अठ्ठावन्न. म्हणजे चार फूट दहा.

साठ? नको, नको. थोडं जास्त धरायचं नाही. सैल काही ठेवू नकोस, पोरी. आहे तेवढंच लिही.

बरं. ठेवते.