नव्या सर्व्हरची जोडी

तेर गावातल्या आमच्या डेअरीत दुधाच्या मापाचा सर्व्हर बंद पडून माप थांबलं आणि रांगेतलं दूध नासलं, तेव्हाचं सांगतो. एक पडला तर दुसऱ्यानं त्याच क्षणी काम उचलावं, म्हणून चेअरमन आप्पांनी दुसरा सर्व्हर आणला. आणला तोही सगळ्यात नव्या प्रोसेसरचा. तो जुन्याशी जुळेचना.

डेअरीची कॉम्प्युटरं मीच बघायचो. मी म्हणालो, "आप्पा, जुन्याला जेवढं येतं तेवढंच नव्यानं वापरायचं. त्याचं जास्तीचं झाकून ठेवावं लागंल."

"एवढा लई भारी आणला, त्यो जुन्याच्या चालीनं चालायला? असं कोण करतंय व्हय?"

"माझी बायको करायची. माझ्याहून हुशार होती, हे ती गेल्यावर कळलं मला."

आप्पांनी चहा माझ्याकडं सरकवला. "झाका," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भर रांगेत त्यांनीच जुन्याची वायर उपटली. दुधाचं माप एकदाही थांबलं नाही.