शिंगणापुरात आलेलं परदेशी दार

तुम्ही घराच्या कुलपाची काळजी करताय? अहो, आमच्या शिंगणापूरला तर आख्खं परदेशी सरकार कुलूप लावायला निघालं होतं!

बहात्तरच्या दुष्काळात शाळेतल्या पोरांसाठी सातासमुद्रापलीकडच्या एका श्रीमंत सरकारकडून दूध पावडर यायची. ती नीट राहते का, हे बघायला त्यांचा गोरा साहेब आला. मी शाळेत इंग्रजी शिकवायचो, म्हणून दुभाषी म्हणून माझी वर्णी लागली.

पोत्यांच्या खोलीला दारच नाही हे बघून साहेब लालबुंद झाला. "आमच्या लोकांच्या करातून येतं हे. दार-कुलूप नसेल तर दूध बंद!"

पोरं वाट्या घेऊन समोरच बसलेली. मी परोपरीनं सांगितलं, की शनिदेवाच्या गावात कुणी दार लावत नाही, चोरीही होत नाही. साहेब ऐकेना.

शेवटी सरपंच आबा म्हणाले, "मास्तर, त्यास्नी सांगा, नियम तुमचा हाय, तर दार-कुलूपबी तुमीच धाडा. तवर दूध चालू ठिवा."

साहेब चक्क कबूल झाला!

पुढच्या खेपेला येऊन बघतो तर खोली तशीच उघडी. त्यानं धाडलेलं दार विटांवर आडवं टाकलेलं आणि त्याच्यावर वाट्या मांडून पोरं दूध पितायत.

साहेबानं वाकून दाराची कडी चाचपली. म्हणाला, "आणि कुलूप?"

आबांनी हात जोडले. "ते नगरहून येताना वाटंतच चोरीला गेलं, सायेब. गावात पोचलं असतं, तर ऱ्हायलं असतं."