अडलेली पायरी

(महाड, १९८५. छापखाना. पोलादपूरचे शाळामास्तर हाटे गुरुजी त्यांच्या वारलेल्या मुलाच्या, सुगतच्या, गणिताच्या कागदांचं कच्चं प्रूफ घेऊन आलेत. गोमाजी इथं छपाईचे खिळे जुळवतो.)

गुरुजी : ही खालची ओळ तुम्ही घातलीत, गोमाजी?

गोमाजी : कंची? 'हेच सिद्ध करायचे होते'? घातली की! भूमितीची गाईडं काय कमी जुळवलीत मी? सिद्धता संपली की ही ओळ. हातच जातो माझा.

गुरुजी : सुगतच्या कागदावर ती नव्हती.

गोमाजी : ऱ्हायली आसंल लिवायची. पानभर गणिताच्या खुणा, उलटे ए न् उलटे ई! जुळवताना डोळे गेले माझे.

गुरुजी : राहिली नाही. सिद्ध झालंच नव्हतं. मुंबईला तो कंप्युटरला एकेक पायरी सांगायचा. पटली तर कंप्युटर पुढं जायचा, नाही तर अडून बसायचा. शेवटच्या पायरीला अडला. तेवढ्यात सुगतला कावीळ झाली.

गोमाजी : अरे देवा... मग ऱ्हाऊ द्या की तशीच. उद्या त्याच्या पुण्यानुमोदनाला वाटायचं ना? हितं कोणाच्या बापाला कळतंय?

गुरुजी : त्याचे दोघे मित्र येणार आहेत मुंबईहून. मूळ कागद पुसट झालेत, म्हणून त्यांच्यासाठी छापून घेतोय. सिद्ध झालं असं वाचलं, तर ते कशाला हात लावतील? तिथंच राहील मग ते. सुगतचं म्हणून एवढंच उरलंय.

गोमाजी : बसा जरा, गुरुजी. चा सांगू?

गुरुजी : नको. मला काही होत नाही. रडूही येत नाही. लोक येतात, बोलतात, मी मान हलवतो.

गोमाजी : आन् वयनी?

गुरुजी : रखमा जेवतच नव्हती. काल प्रूफ घरी नेलं तर म्हणाली, वाचा. कळलं काहीच नाही. शेवटची ओळ तेवढी परत वाचायला लावली. म्हणाली, 'म्हणजे पुरं करून गेला.' उठली, भात टाकला. दोघं जेवलो.

गोमाजी : आन् तरी काढू म्हणता?

गुरुजी : काढा.

गोमाजी : काळीज हाय का दगड? चुकलो मी, पण ती माउली जेवली ना!

गुरुजी : सुगतला चाललं नसतं. माझं गणित चुकलं तर माझ्याशीसुद्धा भांडायचा.

गोमाजी : ...बरं. ही काढली. आता तिथं काय लावू?

गुरुजी : 'शेवटची पायरी सिद्ध व्हायची आहे.'

गोमाजी : आन् उद्या वयनी म्हणाल्या, परत वाचा, तर?

गुरुजी : तिला वाचता येत नाही, गोमाजी.

गोमाजी : म्हंजी?

गुरुजी : मी कालचंच वाचून दाखवीन.